ॲपला विचारायचे दोन प्रश्न

समजा, सकाळचे पावणेसात वाजले आहेत. तुम्ही मुलुंड स्थानकाच्या फलाटावर उभे आहात आणि तुम्हाला घाटकोपरला जावयाचे आहे. शेजारी तिघे जण मोबाइल हातात घेऊन उभे आहेत. गाडी कोठवर आली, असे तुम्ही त्यांना विचारता. पहिला म्हणतो, "दोन मिनिटांत येईल." दुसरी म्हणते, "छे, अजून कळव्यालाच उभी आहे." तिसरा म्हणतो, "आज गाड्या दहा मिनिटे मागे आहेत म्हणे." तिघांनीही आपापल्या पडद्यावर दिसले तेच प्रामाणिकपणे सांगितले. मग एकाच गाडीबद्दल तीन उत्तरे कशी आली?

कारण सोपे आहे. पहिल्याच्या ॲपमध्ये रेल्वेचे वेळापत्रक साठविलेले आहे. गाडी प्रत्यक्षात कोठे आहे याची त्याला गंधवार्ताही नाही. दुसरीच्या ॲपला गाडीवर बसविलेले एक उपकरण आपला ठावठिकाणा कळवीत असते. तिसऱ्याच्या ॲपवर गाडीतलेच प्रवासी एकमेकांना खबरा देत आहेत. पडद्यावरचे आकडे दिसायला सारखेच. पण ते आले तीन निरनिराळ्या वाटांनी.

अँड्रॉइड मोबाइलसाठी लाखो ॲप्स उपलब्ध आहेत. त्यांतले आपल्या खरोखर उपयोगाचे कोणते, हे कसे ओळखावे? बहुतेक जण चांदण्या मोजतात, जाहिरात पाहतात किंवा "सगळ्यांकडे आहे" म्हणून घेतात. चांदण्यांचे सांगावयाचे तर त्या विकतही मिळतात. त्यापेक्षा एक जुनी, शास्त्रज्ञांची सवय उपयोगी पडते. कोणी काही विधान केले की ते विचारतात, "तुला हे कोठून कळले?" ॲपलाही हाच प्रश्न विचारावा. आणि त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न, जो भाजीबाजारातही आपण विचारतोच, "याच्या बदल्यात तू काय घेणार?" या दोन प्रश्नांची चाळणी लावली की पुष्कळसा कोंडा आपोआप उडून जातो. कशी, ते आता पाहू.

एका छायाचित्रात मावणारे वेळापत्रक

मुंबईकरांच्या मोबाइलवर हमखास सापडणारे 'एम-इंडिकेटर' हे ॲप घ्या. सचिन टेके यांनी ते २०१० साली लोकांपुढे आणले. त्या वेळी बहुतेकांच्या खिशात बटणांचे साधे मोबाइल होते, इंटरनेट महाग होते आणि चालत्या गाडीत ते मिळेलच याची खात्री नव्हती. तरीही हे ॲप इंटरनेटशिवाय लोकलचे सगळे वेळापत्रक दाखवीत असे. एवढ्याशा यंत्रात एवढे वेळापत्रक मावले कसे? चला, हिशेब करून पाहू.

पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. एक फेरी सरासरी २० स्थानके घेते असे धरू. म्हणजे साठवावयाच्या वेळा झाल्या ३,००० × २० = ६०,०००. आता एक वेळ साठवायला किती जागा लागते? दिवसात १,४४० मिनिटे असतात. मध्यरात्रीपासून कितवे मिनिट, एवढाच आकडा लिहून ठेवला तरी पुरे. द्विमान पद्धतीत ११ अंकांनी २,०४७ पर्यंतच्या संख्या लिहिता येतात, म्हणजे दोन बाइट पुष्कळ झाले. एकूण १,२०,००० बाइट! तुमच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र २० ते ३० लाख बाइटांचे असते. म्हणजे चर्चगेटपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या साऱ्या गाड्यांचे वेळापत्रक एका छायाचित्राच्या कोपऱ्यात मावते. मांडणी थोडी वेगळी असेल, स्थानकांची नावे, फलाटांचे क्रमांक यांना आणखी जागा लागेल. पण अंदाज चुकीचा नाही.

यातून ॲप निवडण्याची एक कसोटी हाती लागते. जी माहिती वर्षातून एकदोनदा बदलते, ती दाखविण्यासाठी एखादे ॲप दर वेळी इंटरनेट मागू लागले, तर त्याला इंटरनेट कशासाठी हवे आहे असा संशय घ्यावा. बहुधा ते जाहिराती आणण्यासाठी असते. जाहिराती असणे हा काही गुन्हा नव्हे. ॲप बनविणाऱ्यालाही पोट आहे. पण वेळापत्रक इंटरनेटवाचून दिसलेच पाहिजे.

आता या वेळापत्रकाची मर्यादाही पाहा. ते बरोबर असते ते गाड्या सुरळीत चालू असताना, म्हणजे तुम्हाला त्याची फारशी गरज नसताना. पाऊस कोसळला, ओव्हरहेड वायर तुटली, की ते तितक्याच शांतपणे चुकीची वेळ दाखवीत राहते. शिवाय साठविलेली माहिती शिळी होते. रिक्षाचे किमान भाडे मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ रुपयांचे २६ रुपये झाले. त्या दिवशी ज्या ॲपमधला तक्ता कोणी बदलला नाही, त्याने अंधेरीत रिक्षावाल्याशी तुमचे भांडणच लावून दिले असते. म्हणून ॲप उतरवून घेण्यापूर्वी ते शेवटचे केव्हा सुधारले होते, ती तारीख पाहावी. चांदण्यांपेक्षा तारीख अधिक बोलते.

गाडीवरचे उपकरण आणि गाडीतली माणसे

दुसऱ्या वाटेचे उदाहरण म्हणजे मध्य रेल्वेचे 'यात्री' हे ॲप. लोकलगाड्यांवर जीपीएस उपकरणे बसवून गाडी प्रत्यक्ष कोठे आहे, हे त्यात २०२२ साली दाखविण्यास सुरुवात झाली. जीपीएसचे तत्त्व तुम्ही ऐकले असेल. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. तो संदेश तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. असे चार उपग्रह मिळाले की पृथ्वीवरची जागा ठरते. येथे वेळ मोजण्यात एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते! म्हणून उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात.

उघड्या मैदानात साधा मोबाइल आपली जागा साधारण पाच मीटरपर्यंत बिनचूक सांगतो. पण अंधेरी स्थानकाबाहेर, वरून मेट्रोचा पूल आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती अशा जागी उभे राहून पाहा. उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येतो; अंतर वाढल्यासारखे भासते आणि नकाशावरचा ठिपका रस्ता सोडून दुकानात शिरतो. ठिपक्याभोवती जे फिकट निळे वर्तुळ दिसते, ते याच अनिश्चिततेचे. आपली चूक किती असू शकते हे स्वतः सांगणारे उपकरण अधिक विश्वासाचे, ही गोष्ट विज्ञानाच्या प्रयोगवहीत जितकी खरी तितकीच येथेही.

या पाच-दहा मीटरांना फार किंमत येऊ शकते. २०१४ साली रेल्वेने मुंबईच्या उपनगरी प्रवाशांसाठी 'यूटीएस' या ॲपवर मोबाइलने तिकीट काढण्याची सोय सुरू केली. (२०२५ साली तिकिटांसह रेल्वेच्या अनेक सेवा एकत्र देणारे 'रेलवन' हे नवे ॲप आले.) या सोयीत एक मजेदार अट होती. रुळांच्या अगदी जवळ किंवा गाडीत असाल तर तिकीट निघणार नाही! कारण उघड आहे: तसे नसते तर तिकीट तपासनीस दिसल्यावरच सगळ्यांनी तिकिटे काढली असती. म्हणजे येथे तुमचे ठिकाण विचारण्याला सबळ कारण आहे. पण जीपीएसची चूक लक्षात घ्या. रुळांना खेटून ज्याचे घर आहे, तो स्वयंपाकघरात उभा असला तरी ॲपला तो रुळांपाशी दिसू शकतो. अट किती मीटरांची ठेवावी, हा प्रश्न त्यामुळे मापनातल्या चुकीचा होऊन बसतो.

तिसरी वाट माणसांची. गाडीतला प्रवासी लिहितो, "घाटकोपरच्या पुढे थांबली आहे," आणि ते मागच्या स्थानकावर उभ्या असलेल्यांना दिसते. गडबडीच्या दिवशी ही खबर सर्वांत आधी पोचते. तिच्यात खोट एवढीच की, गाडी वेळेवर असली तर कोणी "गाडी वेळेवर आहे" असे लिहीत बसत नाही. सगळ्या खबरा तक्रारींच्याच. त्यावरून रेल्वे रोजच उशिरा धावते असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. संख्याशास्त्रात याला पक्षपाती नमुना म्हणतात.

तर मग तीन्हींतले चांगले कोणते? घरून निघताना वेळापत्रक, फलाटावर पोचल्यावर गाडीचे प्रत्यक्ष ठिकाण आणि गाड्या ठप्प झाल्या की माणसे. ज्याच्या ज्ञानाचा उगम तुम्हाला ठाऊक आहे, त्याचा उपयोग कधी करावा हेही कळते.

ज्यांना काहीच कळलेले नसते

काही ॲप्सना मात्र "कोठून कळले?" असे विचारले की ती निरुत्तर होतात. खोलीचे तापमान सांगणारी ॲप्स घ्या. बहुतेक मोबाइलमध्ये बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारे उपकरणच नसते. मग ॲप आकडा आणते कोठून? एक तर इंटरनेटवरून हवामानाचा आकडा घेते, नाही तर बॅटरीचे तापमान वाचते. खात्री करावयाची असेल तर मोबाइल दहा मिनिटे चित्रफीत पाहून तापवा आणि पुन्हा आकडा पाहा. खोली तितकीच थंड आणि "तापमान" वाढलेले!

याहून गंभीर गोष्ट रक्तदाबाची. २०१४-१५ मध्ये 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे एक ॲप पैसे घेऊन विकले जात होते. मोबाइल छातीशी धरावयाचा, कॅमेऱ्यावर बोट ठेवावयाचे, की रक्तदाबाचा आकडा हजर. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते नेहमीच्या यंत्राशी ताडून पाहिले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशा दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना हे ॲप "तुमचा दाब ठीक आहे" असे सांगत होते. आकड्यावर विश्वासून कोणा आजोबांनी गोळी बंद केली असती तर? त्याच वर्षी तेथील ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली.

पण थांबा. बोट कॅमेऱ्यावर ठेवून नाडीचे ठोके मोजणारी ॲप्सही असतात, आणि ती बऱ्यापैकी बरोबर चालतात! हा फरक का? बोटामागे दिवा लावला की रक्ताने भरलेले बोट लाल दिसते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त किंचित वाढते, थोडा अधिक प्रकाश शोषला जातो आणि कॅमेऱ्याला पडणारा उजेड किंचित मंदावतो. ही उघडझाप मोजली की ठोके मोजले. येथे ज्ञानाची वाट स्पष्ट आहे. तपासणेही सोपे: मनगटावर बोटे ठेवून घड्याळाबरोबर मिनिटभर ठोके मोजा आणि ताडून पाहा. रक्तदाब मात्र उजेडाच्या उघडझापीवरून असा सरळ मिळत नाही. तेथे दंडाला पट्टाच बांधावा लागतो.

आवाज मोजणाऱ्या ॲप्सची जागा या दोहोंच्या मधली. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, हे २००० सालच्या नियमांत लिहिले आहे. गणपतीच्या दिवसांत मोबाइलवर ९० आकडा पाहून पोलिसांकडे धाव घेण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा की, मोबाइलचा ध्वनिग्राहक माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बनविलेला असतो आणि तो प्रमाणित यंत्राशी जुळवून घेतलेला नसतो. दोन मोबाइल शेजारी ठेवले तरी आकडे वेगळे येतील. तरीही त्याचा उपयोग आहे. एकाच मोबाइलने खिडकी उघडी असताना आणि बंद असताना मोजा. फरक बराचसा खरा असतो. १० डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. खरा आकडा ठाऊक नसतानाही फरक ठाऊक असू शकतो, हे मोठे उपयोगी तत्त्व आहे.

बदल्यात काय घेणार?

आता दुसरा प्रश्न. साध्या विजेरीचे ॲप घ्या. त्याचे काम एकच, कॅमेऱ्याजवळचा दिवा लावणे. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे असे एक फुकट ॲप जगभर कोट्यवधी मोबाइलवर होते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने उघड केले की, हे ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि मोबाइलची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवीत होते. अटी मान्य असल्याचे बटण दाबण्यापूर्वीच पाठविणे सुरू होई! लोक समजत होते आपण दिवा फुकट घेतला. प्रत्यक्षात ते रोज आपण कोठे होतो याची नोंद देऊन दिव्याची किंमत चुकवीत होते. पुढे अँड्रॉइडमध्ये विजेरीची सोय आतच आली आणि अशा ॲप्सची गरजच उरली नाही. यावरून एक व्यवहारी धडा घेता येतो: नवे ॲप शोधण्यापूर्वी मोबाइलमध्ये आधीच काय आहे ते पाहावे.

अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक महत्त्वाच्या परवानगीसाठी ॲपला वेगळे विचारावे लागते, आणि आपण नाही म्हणू शकतो. सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या ॲपला काय दिले आहे ते पाहण्याचा उद्योग एखाद्या रविवारी करा. नकाशाला ठिकाण लागणारच. पण गणकयंत्राला संपर्कयादी कशाला? वॉलपेपरला ध्वनिग्राहक कशाला? प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक ॲपखाली ते कोणती माहिती गोळा करते याचा मजकूर २०२२ पासून दिसतो. तो जरूर वाचा. मात्र तो ॲप बनविणाऱ्यानेच भरलेला असतो, हे विसरू नका.

संपर्कयादी देण्यात एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एका गटाने २०२१ साली अहवाल दिला. भारतातल्या अँड्रॉइड वापरणाऱ्यांना झटपट कर्ज देऊ करणारी सुमारे १,१०० ॲप्स त्यांना आढळली आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. असल्या ॲप्सची पद्धत ठरलेली असे. कर्ज देताना संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्याची परवानगी घ्यावयाची आणि हप्ता चुकला की नातलगांना, शेजाऱ्यांना फोन करून बेअब्रू करावयाची. हजार-दोन हजारांच्या कर्जापायी माणसे जीव देण्यापर्यंत गेली. २०२३ मध्ये गूगलने कर्जाच्या ॲप्सना संपर्कयादी आणि छायाचित्रे मागण्यास मनाई केली. तुम्ही कर्ज काढणार नाही हे खरे; पण घरातल्या मोबाइलच्या सेटिंग्ज बहुधा तुम्हालाच विचारल्या जातात. लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून संदेशातून आलेली, शेवटी 'एपीके' असे लिहिलेली फाइल आईबाबांनी उघडण्यापूर्वी त्यांचा हात धरणारे तुम्हीच.

मोबाइल "स्वच्छ" करून वेगवान बनविणाऱ्या ॲप्सविषयी थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड नुकतीच वापरलेली ॲप्स मुद्दाम स्मृतीत ठेवते, म्हणजे ती पुन्हा चटकन उघडतात. स्वच्छता करणारे ॲप त्यांना हाकलते, ती पुन्हा उघडताना अधिक वीज खातात, आणि हे ॲप स्वतःच जागा अडवून जाहिराती दाखविते. मोरी धुणाऱ्याने मोरीतच मुक्काम ठोकावा, तसे हे!

खिशातली प्रयोगशाळा

आता ज्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे चोख द्यावीत असे एक ॲप सांगतो. जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' हे ॲप काढले. फुकट, जाहिराती नाहीत, आणि मोबाइलमधली उपकरणे जे मोजतात तेच आकडे ते तुमच्यापुढे ठेवते. मोबाइलमध्ये कोणते उपकरण नाही, हेही ते स्पष्ट सांगते. शिक्षकांनी तर हे जरूर पाहावे. अनेक शाळांना न परवडणारी साधने यात आहेत.

मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, तो आतल्या त्वरणमापकामुळे. सिलिकॉनचा केसाहून बारीक घडविलेला एक तुकडा सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो सरकला की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत्धारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. मोबाइल टेबलावर स्वस्थ ठेवला तर आकडा शून्य येत नाही, सुमारे ९.८ येतो. तो का, याचा विचार करा. दहावीतल्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात उत्तर आहे.

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत, गर्दी नसताना, बसायला जागा मिळाल्यावर (दारात उभे राहून मुळीच नव्हे) मोबाइल मांडीवरच्या पुस्तकावर घट्ट धरा आणि विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर अशी स्थानके येताना आलेख काढा. गाडी सुटताना एक टेकडी, थांबताना उलटी दरी. टेकडीची उंची अर्ध्या मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंदाच्या आसपास मिळेल. टेकडीखालचे क्षेत्रफळ म्हणजे गाडीचा वेग. मात्र येथे एक गंमत आहे. उपकरण ०.०५ ने जरी चुकत असेल, तरी मिनिटाभरात वेगातली चूक ३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ११ किलोमीटर होते. चूक साठत जाते. म्हणूनच वेग दाखविणारी ॲप्स त्वरणमापकावर न विसंबता जीपीएस वापरतात.

काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारे उपकरणही असते. समुद्रसपाटीजवळ साडेआठ-नऊ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. इमारतीच्या तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत उद्वाहनाने जा. आलेख खाली घसरताना पाहून इमारतीची उंची काढा आणि मग जिन्याच्या पायऱ्या मोजून ताळा करा. बोरिवलीकरांनी हेच राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या पायऱ्या चढताना करून पाहावे.

उद्यानात गेलाच आहात, तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेचे 'मर्लिन' हे फुकट ॲपही उघडा. ते पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचविते. त्याला कोठून कळते? जगभरच्या लोकांनी ध्वनिमुद्रित केलेल्या असंख्य आवाजांवरून ते शिकलेले आहे. तांबटाचा एकसुरी "टुक् टुक्" ते चटकन ओळखील; पण दोन पक्षी एकदम बोलले किंवा शेजारी रिक्षा सुरू झाली की गडबडेल. त्याचे नाव सूचना म्हणून घ्या आणि पक्षी डोळ्यांनी पाहूनच वहीत लिहा.

तुमच्या गल्लीतला पाऊस

उपनगरात राहणाऱ्याला एका बाबतीत मात्र ॲपची निवड जिवाशी गाठ घालणारी ठरू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे! "आज मुंबईत इतका पाऊस" असा एकच आकडा सांगणारे ॲप अशा दिवशी अंधेरीच्या मुलाला काय सांगणार? तो आकडा कोणत्या जागच्या पर्जन्यमापकाचा, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ नाही. त्या पुरानंतर महापालिकेने शहरात आणि उपनगरांत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. पवईच्या आयआयटीने २०२४ साली मुंबईतल्या पुरासाठी एक संकेतस्थळ आणि ॲप काढले; त्यात पावसाच्या अंदाजाबरोबर, आपल्या परिसरात पाणी किती चढले आहे हे नागरिकांनीही कळवावे अशी सोय केली. कळवावयाचे ते सुरक्षित जागी उभे राहून. अंधेरीचा भुयारी मार्ग भरला आहे का, हे आत उतरून पाहण्याची गरज नाही!

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. वीज पडताना निघणाऱ्या रेडिओ लहरी देशभर बसविलेली उपकरणे टिपतात, कोणत्या उपकरणाला ती केव्हा पोचली यावरून जागा काढतात, आणि तुमच्या भोवती २० व ४० किलोमीटरांच्या परिघात वीज पडली असेल तर ॲप सावध करते. ते ठिकाणाची परवानगी मागते, आणि ती देण्यास हरकत नाही.

पावसाचे कोणते ॲप तुमच्या गल्लीसाठी बरे, हे वर्गात ठरविता येईल. प्लास्टिकची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाचा उंचसखल भाग खडे आणि पाणी घालून सपाट करा, तेथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली गच्चीवर भिंतीपासून आणि टाकीपासून दूर, पडणार नाही अशी ठेवा. मोठ्यांना सांगूनच गच्चीवर जा. दोन किंवा तीन ॲप्सचे आकडे आणि बाटलीचा आकडा यांचा तक्ता जुलैचा महिनाभर ठेवा. शक्य झाल्यास बोरिवलीच्या एका शाळेने मुलुंडच्या एका शाळेशी संधान बांधावे. दोहोंच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, आणि पाऊस दोन्ही बाजूंना सारखा पडतो का, हे पाहण्यासारखे आहे. माप रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण हवामानखात्याचा २४ तासांचा पाऊस त्याच वेळी मोजला जातो. तुमची वेळ वेगळी असली तर तुलनाच होणार नाही. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी संध्याकाळीही एकदा माप घेऊन बाटली रिकामी करा, नाही तर ती रात्रीत भरून वाहून जाईल.